हिरोइनचा आवाज कोणाचा?

कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं की माइकसमोर? 'एकच काहीतरी धर' असं घरचे सांगतात आणि मनाला दोन्ही हवं असतं. हा प्रश्न आजचा वाटतो, पण मराठी मुली तो जवळजवळ नव्वद वर्षं सोडवतायत.

जुलैत करंज्याच्या बंदरावर वेगळीच शांतता असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांच्यावर प्लास्टिक बांधलेलं. मागे द्रोणागिरीचा डोंगर ढगात गेलेला आणि समोर खाडीपलीकडचं रेवस पावसात पुसट झालेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे एरवी समुद्रावर असणारे माझे काका दिवसभर ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसतात आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घालतात. यंदा त्यांनी बायच्या करिअरमध्ये लक्ष घातलं.

बाय म्हणजे माझी चुलत बहीण. खरं नाव छापायचं नाही अशी तिची अट आहे, म्हणून बायच. वय १९, बीकॉमचं दुसरं वर्ष. लहानपणी गावातल्या धवलारणीच्या मागे बसून लग्नातले धवले ऐकले, मग हळदीच्या कार्यक्रमात बेंजोवर गायला लागली. दर शनिवारी उरणहून एसटीने पनवेलला शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जाते. गेल्या वर्षी एका कोळीगीताच्या व्हिडिओत तिने हिरोइनचं काम केलं. नऊवारी, आंबाडा, गजरा, टोपली, सगळं होतं. व्हिडिओ चांगला चालला. फक्त त्यात चेहरा तिचा होता आणि आवाज दुसऱ्याच मुलीचा.

"दादूस, मी स्वतः गाते रे. मग माझ्या तोंडात दुसऱ्याचा आवाज कशाला?" हे ती वर्षभर म्हणत होती. यंदा त्याच चॅनलवाल्यांनी सांगितलं, अभिनयही तूच कर आणि गाही तूच. बाय खूश. मग कागद आला. पाच पानं, सगळं इंग्रजीत.

काका म्हणाले, "एकच काय तं धर. नटी हो, नाय तं गाणारी हो. दोन होड्यांवर पाय ठेवला तं माणूस मधीच पडतो."

बायने माझ्याकडे बघितलं. घरात लिहिणारा मी एकटाच, त्यामुळे असं दोन्ही करून कोण कोण तरलं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. शोधायला बसलो तेव्हा आर्या आंबेकर आणि केतकी माटेगावकर ही दोन नावं लगेच आठवली. पण धागा ओढत गेलो तसा तो थेट १९३०च्या दशकात जाऊन पोचला. आणि तिथे बायच्या त्या पाच पानी कागदासारखाच एक कागद सापडला.

आधी सगळ्यांनाच गावं लागायचं

आपल्याकडे 'अ‍ॅक्टर-कम-सिंगर' म्हटलं की काहीतरी स्पेशल पॅकेज वाटतं. खरं तर मराठीत हीच जुनी रीत होती. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि पुढची कित्येक दशकं नट म्हणजे गाणारा नट असंच समीकरण राहिलं. बालगंधर्वांना कुणी 'तुम्ही अ‍ॅक्टर की सिंगर?' असं विचारलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

सिनेमा बोलायला लागला तेव्हा ही रीत त्याने जशीच्या तशी उचलली. १९३२ सालच्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच म्हटली. दुसरा इलाजच नव्हता. शूटिंग चालू असतानाच गायचं, माइक फ्रेमबाहेर कुठेतरी लपवायचा आणि वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे बसवायचे. अभिनय चुकला तरी रिटेक आणि सूर हलला तरी रिटेक.

हे बदललं १९३५ साली. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र' या बंगाली आणि 'धूप छाँव' या हिंदी सिनेमात पार्श्वगायनाचं तंत्र वापरलं. संगीत रायचंद बोराल यांचं होतं. गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि शूटिंगच्या वेळी ते वाजवून ओठ हलवायचे. सोय म्हणून आलेल्या या तंत्राने हळूहळू एका माणसाची दोन माणसं केली. पडद्यावर चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. आपण ज्याला 'नॉर्मल' समजतो ते 'हिरोइन ओठ हलवते आणि गायिका गाते' हे प्रकरण असं सुरू झालं. पण जुनी रीत एका दिवसात गेली नाही. आणि ती जाण्याआधी पुण्यात एका मुलीने ती अशी काही गाजवली की आजही तिचं उदाहरण द्यावं लागतं.

'जाऊ मी सिनेमात?'

शांता आपटे. जन्म १९१६चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. १९३२मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून त्या पडद्यावर आल्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात. १९३४ साली प्रभातच्या 'अमृतमंथन'मधून त्या घराघरांत पोचल्या. तोवर सिनेमातलं गाणं म्हणजे बहुतेक वेळा एका जागी उभं राहून म्हटलेलं पद असे. शांताबाई गाताना डोळ्यांनी बोलायच्या, हात हलायचे, मान वळायची. गाणं म्हणतानाही त्या त्या पात्रातून बाहेर यायच्या नाहीत.

मग १९३७ साली आला व्ही. शांताराम यांचा 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा सिनेमा. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा त्या माणसाला नवरा मानायला ठाम नकार देते. या सिनेमाला नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही, जे काही ऐकू येतं ते घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांतून. आणि त्यात नीरा चक्क लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गाते. केशवराव भोळ्यांचं संगीत, पुण्यातला स्टुडिओ, एकविशीतली मराठी मुलगी आणि इंग्रजी कविता. साल १९३७! आज आपण 'फ्यूजन' म्हणून मिरवतो त्याच्या किती आधीची ही गोष्ट आहे बघा.

आता कागदाची गोष्ट. स्टुडिओच्या जमान्यात कलाकार महिन्याच्या पगारावर आणि करारावर बांधलेले असायचे. आज कंपनीत नोकरी करतो तसे. १९३९मध्ये शांताबाईंचा प्रभातशी करारावरून वाद झाला. तेव्हा त्या देशातल्या मोठ्या स्टार होत्या. त्यांनी काय करावं? त्या स्टुडिओच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. आज त्याच जागेत एफटीआयआय आहे. पुण्यात त्या बाजूला गेलात तर गेटवरून आत बघताना हे आठवा.

पुढच्याच वर्षी, १९४०मध्ये, त्यांनी एक पुस्तक लिहिलं. नाव 'जाऊ मी सिनेमात?'. या नावातलं प्रश्नचिन्ह मला फार आवडलं. आपल्यातल्या प्रत्येक ऑडिशनवाल्या मित्रमैत्रिणीच्या डोक्यात हाच प्रश्न असतो आणि तो एका चोवीस वर्षांच्या स्टारने पुस्तकाच्या कव्हरवर छापला होता.

प्रभात सुटल्यावर शांताबाई घरी बसल्या नाहीत. १९४१मध्ये 'सावित्री' या तमिळ सिनेमात त्यांनी सावित्री केली. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या. त्याच सिनेमात नारद कोण होतं माहितीये? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! एका फ्रेममध्ये दोन गायिका-अभिनेत्री, एक मराठी आणि एक तमिळ. काकांच्या दोन होड्या इथे दोन्ही व्यवस्थित चालल्या होत्या. १९६४ साली शांताबाई गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

लतादीदींनी एक दार बंद केलं

आता काकांच्या बाजूचं उदाहरण. तेही द्यायला हवं, नाहीतर ही चीटिंग होईल.

एप्रिल १९४२. पुण्यात मास्टर दीनानाथ गेले. घरात पाच भावंडं आणि थोरली लता बारा वर्षांची. घर चालवायला हवं होतं आणि कामं मिळत होती ती अभिनयाची. मास्टर विनायकांनी या कुटुंबाला आधार दिला. 'पहिली मंगळागौर'पासून 'बडी माँ'पर्यंत लतादीदींनी छोट्या-मोठ्या भूमिका केल्या. 'सुभद्रा'मध्ये तर त्या आणि शांता आपटे एकत्र दिसल्या.

पण मेकअप, दिव्यांचा उजेड, कुणीतरी 'आता हस', 'आता रड' म्हणून सांगणं हे आपल्याला कधीच आवडलं नाही, असं त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. पार्श्वगायनाचं काम मिळायला लागलं तशी त्यांनी अभिनयाची होडी सोडून दिली. १९४९मध्ये 'महल' आला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे काका बरोबर? अर्धे. लतादीदींनी एकच गोष्ट धरली हे खरं, पण 'लोक काय म्हणतील' किंवा 'दोन्ही जमत नाही' म्हणून नाही. दोन्ही करून बघितलं आणि त्यातलं एक नकोसं आहे हे त्यांना कळलं. करून न बघताच सोडणं आणि करून बघून सोडणं यात फरक आहे.

या गोष्टीला अजून एक बाजू आहे. नुसतं गाणं धरल्यावरही लतादीदींनी हिशेब सोडला नाही. १९६०च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे अशी भूमिका त्यांनी घेतली. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं आणि त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचंही थांबवलं होतं. एवढ्या गोड आवाजांमागे एवढं कडक भांडण! विषय काय, तर गाणं पुन्हा पुन्हा वाजतं, मग गाणाऱ्याला पुन्हा का मिळू नये?

१९९४च्या दोघी

आता आपल्या काळात येऊ. केतकी माटेगावकर आणि आर्या आंबेकर, दोघींचा जन्म १९९४चा. दोघींची आई गायिका. केतकीची आई सुवर्णा माटेगावकर, आर्याची आई श्रुती आंबेकर. म्हणजे तानपुरा दोघींच्या घरातच होता. दोघी गाण्यातून अभिनयात आल्या, पण रस्ते वेगळे.

केतकी आपल्याला भेटली ती 'शाळा'मधली शिरोडकर म्हणून. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सुजय डहाकेचा हा सिनेमा २०१२ साली आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग आणि दोन वेण्या घातलेली, फार कमी बोलणारी शिरोडकर. पात्र गाणाऱ्या मुलीचं नाही, नजरेचं आहे. त्याच वर्षी महेश मांजरेकरांच्या 'काकस्पर्श'मध्ये तिने लहानपणची उमा केली. मोठेपणची उमा प्रिया बापटने केली होती. म्हणजे केतकीने आधी 'गाते म्हणून घेतली' हा शिक्का पुसून टाकला.

मग जानेवारी २०१४मध्ये रवी जाधवचा 'टाइमपास' आला. दगडू आणि प्राजू. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील आणि रिक्षातून, गणपतीत, गॅदरिंगमध्ये ती गाणी ऐकली असतील. चिनार-महेश यांच्या संगीतातलं त्यातलं गाजलेलं ड्युएट पुन्हा ऐका. गंमत अशी, की पडद्यावर दगडू म्हणजे प्रथमेश परब आहे आणि आवाज स्वप्नील बांदोडकरचा. पण प्राजूचा चेहराही केतकीचा आणि आवाजही केतकीचाच. एकाच गाण्यात हिरोला उसना गळा आणि हिरोइनला स्वतःचा!

आर्याचं उलट झालं. २००८-०९मधलं 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' आठवतंय? पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत आणि आपल्या समोरच्या किनाऱ्यावरची, अलिबागची मुग्धा वैशंपायन. या पाच जणांची महाअंतिम फेरी ८ फेब्रुवारी २००९ला झाली आणि कार्तिकी जिंकली. त्या रात्री गावात लाइट गेली असती तर दंगल झाली असती, असं आमच्याकडे अजून सांगतात.

म्हणजे आर्याचा आवाज महाराष्ट्राला आधीच पाठ होता. चौदा-पंधराव्या वर्षी एवढी प्रसिद्धी मिळाल्यावर लगेच हिरोइन होणं सोपं वाटलं असेल, पण ती पडद्यावर आली जानेवारी २०१७मध्ये, सतीश राजवाडे यांच्या 'ती सध्या काय करते'मधून. मधली आठ वर्षं शिक्षण, गाणं, कार्यक्रम. तरुणपणीची तन्वी तिने केली आणि समोर अभिनय बेर्डे. इथेही तेच झालं. त्यातल्या प्रेमगीतात अभिनयसाठी विधित पाटणकर गायला आणि आर्या स्वतःसाठी स्वतःच.

त्यानंतर ती नुसती पडद्यामागे धावली नाही. २०२१मध्ये तेच पाच जण 'लिटिल चॅम्प्स'च्या नव्या पर्वात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. २०२२ला 'चंद्रमुखी'मध्ये पडद्यावर होती अमृता खानविलकर आणि 'बाई गं'साठी आवाज आर्याचा. म्हणजे स्वतः हिरोइन होऊन आलेली मुलगी दुसऱ्या हिरोइनचा आवाज झाली. यात तिला काही कमीपणा वाटला असेल असं ते गाणं ऐकून तरी वाटत नाही.

दोघींकडे बघून मला एक गोष्ट जाणवली. त्यांनी दोन्ही केलं, पण दोन्ही एकाच वेळी एकाच जोरात केलं नाही. कधी सिनेमा पुढे, कधी गाणं पुढे. आणि दोन्हीच्या खाली जो पाया होता तो गाण्याच्या शिक्षणाचा होता. तो सिनेमा आला म्हणून सुटला नाही.

गळा एकच असतो

हे सगळं बायला सांगितल्यावर ती म्हणाली, "दादूस, पण दोन्हीला गळा एकच लागतो ना." ही गोष्ट मला सुचलीच नव्हती.

अभिनय करणाऱ्याचा दिवस दहा-बारा तासांचा. भांडणाचा सीन असेल तर पाच टेक ओरडायचं, रडायचा सीन असेल तर तासभर हुंदके द्यायचे. मध्येच एसीची व्हॅन, मध्येच भर उन्हात सेट. आपल्या स्वरतंतूंना हे सगळं मोजावं लागतं. ओरडून ते सुजतात आणि सुजलेल्या तंतूंवर वरचा सूर लावायला गेलं की आवाज फाटतो. बायच्या गाण्याच्या बाईंनी तिला थोडक्यात सांगितलंय ते तुमच्यासाठी: ओरडण्याच्या सीनच्या दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ठेवायचं नाही. पाणी दिवसभर घोटघोट प्यायचं, गाण्याच्या पाच मिनिटं आधी बाटली रिकामी करून काही होत नाही. घसा बसला तर गप्प बसायचं. मुद्दाम कुजबुजत बोलणं म्हणजे आराम नव्हे. आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर आल्याचा रस बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं.

वेळेचंही तसंच. शूटिंगची वेळ दुसरा ठरवतो, रियाजाची आपण. त्यामुळे पहिला बळी जातो तो रियाजाचा. पंधरा दिवस शूट चाललं आणि तानपुरा कपाटावरच राहिला, हे प्रत्येक गाणाऱ्या नटनटीच्या बाबतीत होऊ शकतं. बाय सकाळी साडेपाचला उठते. मोबाइलवर तानपुरा लावते आणि षड्ज लावून बसते. शेजारची कोंबडी आणि ती एकदमच सुरू होतात. गेल्या वर्षी व्हिडिओच्या शूटिंगच्या आठवड्यातही तिने तेवढा अर्धा तास सोडला नाही.

सही करण्याआधी

आता तो पाच पानी कागद. आमच्या ओळखीच्या एका वकील ताईंनी तो वाचला आणि तीन ओळींखाली पेनाने रेघ मारली.

पहिली ओळ: अभिनय आणि गायन दोन्हीसाठी मिळून एकच ठोक रक्कम. म्हणजे गेल्या वर्षी चॅनलने हिरोइनला वेगळे आणि गायिकेला वेगळे पैसे दिले होते. यंदा बाय दोन्ही कामं करणार आणि पैसे एकाचे. 'टू इन वन' मिळालं याचा आनंद नक्की कुणाला होता ते तेव्हा कळलं.

दुसरी ओळ: सगळे हक्क, कायमचे, जगभर, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत.

तिसरी ओळ: पुढची तीन वर्षं दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही. यात हळदीचे कार्यक्रमही आले. बाय ज्या पैशांतून कॉलेजची फी आणि पनवेलचा क्लास भरते तेच बंद.

ताईंनी जे समजावलं ते प्रत्येक गाणाऱ्या, लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या कॉलेजवाल्याला माहीत असायला हवं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा जपायची तरतूद तर झालीच, पण गाणाऱ्यासारख्या 'परफॉर्मर'लाही आपल्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टी मागायचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी गायकांनी 'इस्रा' ही स्वतःची संघटनाही उभी केली. लतादीदी साठच्या दशकात जे मागत होत्या ते कायद्यात यायला अर्धं शतक गेलं.

अजून काही गोष्टी. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत धरतो. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात वापरात नव्हतं, त्याचे हक्क सरसकट देता येत नाहीत, त्या माध्यमाचं नाव करारात स्पष्ट हवं. आणि मोबदला किती, रॉयल्टी किती, हे कागदावर असायला हवं. ताई म्हणाल्या, "म्हणूनच समोरचा 'कायमचं' आणि 'जगभर' हे शब्द मुद्दाम घालतो. ते वाचून थांबायचं आणि विचारायचं. विचारायला पैसे पडत नाहीत." प्रत्येक कागद वेगळा असतो, त्यामुळे तुमचा कागद तुम्ही कुणातरी जाणकाराला दाखवा. पण न वाचता सही मात्र करू नका, मग समोरचा कितीही 'आपला माणूस' असो.

मी बायला शांता आपट्यांची गोष्ट सांगितली. देशभर गाजलेल्या बाईलाही कराराशी भांडायला फाटकासमोर बसावं लागलं होतं. बाय हसली. "मला फाटक कुठे आहे? त्यांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे."

काका काय म्हणाले

बायने तीनही ओळींवर बदल सुचवून कागद परत पाठवला. अभिनयाचे पैसे वेगळे, गाण्याचे वेगळे. हक्क पाच वर्षांसाठी आणि गाणं जितकं कमावेल त्यात वाटा. दुसरीकडे गायची बंदी फक्त याच गाण्यापुरती. दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या निळ्या टिक. तिसऱ्या दिवशी फोन आला. बंदीची अट काढायला ते तयार झाले. गाण्याचे वेगळे पैसे द्यायलाही तयार झाले, कमी, पण वेगळे. रॉयल्टीचं म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे काय?" बायने विचारलं. पलीकडून उत्तर आलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर सगळं काकांना सांगितलं. शांता आपटे सांगितल्या, लतादीदी सांगितल्या, केतकी आणि आर्या सांगितल्या. काका ऐकत होते आणि हात जाळ्यावर चालूच होता. मी म्हटलं, "काका, होडीवर तरी एकच काम करणारा माणूस कुठे असतो? तांडेल सुकाणू धरतो आणि वेळ आली की जाळंपण ओढतोच ना?"

काका म्हणाले, "वढतो. पण वाटा ठरवूनच चढतो होडीवर. किनाऱ्याला आल्यावं नाय ठरवीत."

मग बायला म्हणाले, "सही आता नको करू. नारळी पुनवेपर्यंत थांब. त्यांना गरज असंल तं ते येतील परत."

फोन अजून आलेला नाही. बाय रोज साडेपाचला उठतेय.